रीत आणि नीती



दर महिन्याला एखादा अभंग निरूपणास घ्यावा, हा आपला परिपाठ. या वेळी अभंग घेतलेला नाही, एक प्रश्न घेतला आहे. तो कोणा शास्त्रीबुवांनी केलेला नसून कॉलेजात तत्त्वज्ञान शिकणाऱ्या एका मुलीने केला. देऊळगाव राजा येथे एका सद्गृहस्थाच्या घरी चातुर्मासाचे प्रवचन चालू होते. प्रवचन आटोपले, आरती झाली, मंडळी प्रसाद घेऊन उठू लागली, तेवढ्यात ही मुलगी पुढे आली, नमस्कार केला आणि म्हणाली, "महाराज, इंग्रजीत दोन शब्द आहेत. एक एथिक्स, दुसरा मोरॅलिटी. मराठीत आम्ही दोन्हींला नीतीच म्हणतो. मग त्यांना दोन शब्द काहून लागले? फरक काय आहे?"

मी म्हटले, "बाळ, उद्या सांगतो." उद्याचे परवा झाले, परवाचे तेरवा झाले. उत्तर येत नव्हते असे नाही. शब्दाचे उत्तर त्याच दिवशी देता आले असते. परंतु तिने तो 'काहून' शब्द उच्चारला आणि माझ्या मनात पन्नास-साठ वर्षांपूर्वीची एक पंगत उभी राहिली. तिचे सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होत नव्हते, आणि ते सांगायला जीभ रेटत नव्हती. असो. आधी शब्दांचे पाहू.

ग्रीक भाषेत एथोस म्हणजे माणसाचे वळण, स्वभाव, शील. त्यावरून एथिक्स. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत मोरेस म्हणजे लोकांचे रीतिरिवाज. ख्रिस्तापूर्वी पहिल्या शतकात सिसरो नावाचा मोठा वक्ता रोममध्ये होऊन गेला. ग्रीकांचा शब्द आपल्या भाषेत आणायचा म्हणून त्याने मोरेसवरून एक नवा शब्द घडविला, आणि त्याच्यापासून पुढे मोरॅलिटी आला. म्हणजे मुळात ही दोन भावंडेच. पुढे तत्त्ववेत्त्यांनी त्यांची वाटणी केली, आणि तीही सर्वांनी सारखी केली नाही. कित्येक पंडित अजूनही दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात. तथापि जी वाटणी पुष्कळांना मान्य आहे ती अशी: समाजात राहताना काय करावे, काय करू नये याचे जे नियम आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतात, ती मोरॅलिटी. आणि हे नियम बरोबर आहेत का, कशावरून बरोबर, कोणासाठी बरोबर, असा जो विचार माणूस थांबून करतो, ते एथिक्स. आपण सोयीसाठी पहिलीला रीत म्हणू आणि दुसरीला नीतिविचार, किंवा नुसते नीती. शब्दांवरून भांडायचे कारण नाही. अर्थ धरला म्हणजे झाले.

वस्तुतः आपल्या भाषेत हा भेद पूर्वीपासून आहे. आचार हा शब्द 'चर्' धातूपासून झाला. चर् म्हणजे चालणे. नीती हा शब्द 'नी' धातूपासून झाला. नी म्हणजे नेणे. आता वारकऱ्याला याहून जास्त काय सांगावे? दिंडीत पाचशे माणसे चालतात. टाळ वाजतो आहे, पाऊल पडते आहे, पुढच्याच्या टाचेकडे पाहून मागचा चालतो आहे. हा आचार झाला, आणि तो चांगलाच आहे. पण वीणा घेऊन पुढे जो चालतो त्याला वाट कुठे नेते हे ठाऊक असले पाहिजे ना? फाट्यावर तो चुकला तर मागची पाचशे माणसे तितक्याच भक्तीने, तितक्याच सुरात, भलत्या गावी जातील. चालण्यात कोणाची कसूर नसेल, आणि तरी पंढरपूर येणार नाही.

मुलगी हुशार होती. एवढे ऐकल्यावर तिने लगेच पुढचा प्रश्न केला. "म्हणजे महाराज, रीत मोडणे म्हणजेच नीती का?"

हा प्रश्न आजच्या पुष्कळ तरुणांचा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. नाही, तसे मुळीच नाही. रीत ही मोठी उपकारी वस्तू आहे. दर वेळी मुळापासून विचार करून वागायचे म्हटले तर गरीब संसारी माणसाचा दिवस विचारातच मावळेल. खोटे मापू नये, दारी आलेल्याला पाणी विचारावे, दुसऱ्याच्या धुऱ्यावर नांगर घालू नये, हे ज्याला रीतीने मिळाले त्याचे अर्धे आयुष्य सोपे झाले. आपल्या संप्रदायाचेच पाहा. गळ्यात माळ, एकादशीचा उपवास, आषाढी-कार्तिकीची वारी, अभक्ष्यभक्षण वर्ज्य, आणि भेटेल त्याच्या पाया पडणे. यातली शेवटची रीत तर जगात फार थोड्या ठिकाणी सापडेल. ऐंशी वर्षांचा म्हातारा वीस वर्षांच्या पोराच्या पायांवर डोके ठेवतो आणि पोरगा उलट त्याच्या पायांवर ठेवतो. कोणी तरी थोर मनाच्या माणसांनी विचार करून ही रीत घालून दिली. म्हणजे काय, तर काही रीतींच्या पोटात नीती साठविलेली असते, जसे कणगीत बी-बियाणे. आश्विनात बालाजी महाराजांच्या यात्रेत मंडपाच्या लाटा चढतात तेव्हा पाहा. इतके जड लाकूड एकट्यादुकट्याने हलत नाही. हातांना हात लागतात, एकमेकांशी वर्षभर न बोलणारी माणसे त्या दिवशी एका लाटेला खांदा देतात. ही रीत कोणी मोडावी असे मी कशाला म्हणेन?

शिवाय रीत मोडणाऱ्यांतही प्रकार आहेत. एक जण आईबापांना सांभाळण्याची रीत मोडतो आणि म्हणतो, मी नव्या विचाराचा आहे. त्याने कसला विचार केला? रीत त्याला जड झाली, ती त्याने खाली ठेवली, इतकेच. नाथबाबांचे चरित्र पाहा. पैठणचे एकनाथ महाराज स्नानसंध्या, श्राद्धपक्ष सारे नेमाने करीत. श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता, त्याचा वास घेत दाराबाहेरून जाणारी भुकेली माणसे त्यांनी पाहिली, आणि ब्राह्मणांसाठी शिजविलेले अन्न त्या अंत्यज म्हटल्या गेलेल्या कुटुंबांना पोटभर वाढले, अशी कथा महिपतीबुवांनी सांगितली आहे. नाथांनी श्राद्ध बंद केले नाही, संध्या सोडली नाही. जिथे रीत भुकेल्याच्या आणि अन्नाच्या मध्ये उभी राहिली, तेवढ्या जागी त्यांनी ती बाजूला सारली, आणि त्याचा जो दंड गावाने दिला तो स्वतः भोगला. रीत कोणी मोडली हे मी पाहत नाही. मोडण्याची किंमत कोणी भरली, मोडणाऱ्याने की दुसऱ्याने, हे पाहतो.

आता आपल्या गावाजवळ येऊ.

देऊळगाव राजा तालुक्यात मेहुणाराजा नावाचे गाव आहे. संत चोखामेळ्यांचे ते जन्मगाव मानतात. 12 जानेवारीला जिजाऊसाहेबांच्या जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला लाखो माणूस लोटते; दोनच दिवसांनी, 14 जानेवारीला, मेहुणाराजाला चोखोबांचा जन्मोत्सव होतो, तिकडची गर्दी तितकी नसते. खडकपूर्णा नदीवरच्या धरणाला आता संत चोखासागर असे नाव आहे. ज्या माणसाने पाण्याला हात लावला तर पाणी बाटते असे मानले जाई, त्याच्या नावाच्या सागरावर आज शेते भिजतात. हा योग नामकरण करणाऱ्यांच्या मनात होता की नाही, देव जाणे.

चोखोबा नामदेवरायांच्या मांदियाळीतले. घरी सोयराबाई, मुलगा कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणा बंका. सगळे घरच अभंग करणारे. पंढरीला जायचे, चंद्रभागेत स्नान करायचे, आणि महाद्वारापाशी थांबायचे. आत जायची रीत नव्हती. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. हे शके 1260, म्हणजे इ. स. 1338 सालचे. नामदेवरायांनी अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. ज्या जागी जिवंतपणी थांबवले, त्याच जागी मेल्यावरही थांबले. समोर नामदेवांची पायरी आणि इकडे चोखोबांची समाधी. या दोहोंच्या मधून आपण सगळे आत जातो.

आता सांगा, चोखोबांना दारात थांबविणारे लोक वाईट होते का? आपण कीर्तनात त्यांना फार काळे रंगवतो. मीही पुष्कळ रंगविले आहे, श्रोत्यांना ते आवडते. पण खरे पाहता त्यांतले कित्येक नेमनिष्ठ, शुद्ध आचरणाचे, पहाटे उठून नदीवर जाणारे लोक असतील. दुष्टावा करायचा म्हणून त्यांनी कोणाला थांबविले नाही. थांबविणे हीच त्यांची नीतिमत्ता होती! आत सोडले असते तर त्यांना पाप केल्यासारखे वाटले असते. हे ध्यानात आल्यावर माझी तरी झोप उडाली. कारण दुष्टाला सुधारता येते, त्याला आपण दुष्ट आहोत हे आत कुठे तरी ठाऊक असते. ज्याला आपण चांगले आहोत अशी खात्री आहे, त्याला कोण हलविणार?

त्याला हलविणारा प्रश्न बाहेरून, पायरीवरून यावा लागतो. तो चोखोबांच्या घरातून आला. सोयराबाईंनी विचारले की विटाळ विटाळ म्हणून सारे जे म्हणतात, तो विटाळ ज्याच्या उत्पत्तीत नाही असा एक तरी देह दाखवा. केवढा साधा प्रश्न! त्यात शाप नाही, शिवी नाही. शास्त्रार्थाच्या सभेत कोणी तिला बसू दिले नसते, अक्षरही शिकविले नसते. पण पाश्चात्य तत्त्ववेत्ते ज्याला एथिक्स म्हणतात ते हेच. सगळे ज्याला उत्तर समजून बसले होते, त्या उत्तरालाच त्या बाईने 'काहून?' असे विचारले.

कोणी म्हणेल, महाराज, प्रश्न कशाला, आपले अंतःकरण असतेच की सांगायला. मनूनेही धर्माची लक्षणे सांगताना वेद, स्मृती आणि सज्जनांचा आचार यांच्या जोडीला स्वतःच्या मनाला समाधान वाटणे हे चौथे लक्षण सांगितले आहे. मनाचा कौल खरा, मी नाही म्हणत नाही. पण त्या कौलावर किती भरवसा ठेवावा? इथे मला ती पंगत सांगितलीच पाहिजे.

आमचे आजोबा माळकरी. चाळीसच्या वर वाऱ्या केलेले. एकदा कापूस विकून आले, रात्री कंदिलाजवळ नोटा मोजल्या तर व्यापाऱ्याकडून शंभर रुपये जास्त आले होते. त्या काळी शंभर रुपये म्हणजे बैल आला असता. आजोबा जेवलेही नाहीत. काठी घेतली, चार कोस चालत परत गेले, व्यापाऱ्याला झोपेतून उठविले, पैसे दिले आणि उजाडता उजाडता घरी आले. मी पाहिलेल्या माणसांत याहून सच्चा माणूस मला आठवत नाही.

त्याच वर्षी गावात सप्ताह झाला. काल्याचे कीर्तन झाले, पंगती बसल्या. देवळासमोर एक, आणि दूर लिंबाखाली दुसरी. तिकडे कोण बसत होते हे सांगायला नको. वरण वाढायचे काम आजोबांकडे. आमच्या पंगतीत वाकून वाकून, आग्रह करकरून वाढले. लिंबाखाली गेले ते ताठ उभे राहून, हातभर वरून वाढू लागले. एक म्हातारा द्रोण दोन्ही हातांनी वर धरून बसला होता. वरण कढत होते, ते त्याच्या मनगटावर उडाले. त्याने हात हलविला नाही, हलविला असता तर द्रोण सांडला असता. आजोबा म्हणाले, "सांभाळून रे बाबा," आणि पुढे गेले.

मी सात-आठ वर्षांचा. रात्री त्यांच्याजवळ निजलो तेव्हा विचारले, "आबा, वरून काहून वाढलं?"

"रीत आहे बाळा," आजोबा म्हणाले, कुशीवर वळले, आणि त्यांना लगेच झोप लागली.

ती झोप मी विसरू शकत नाही. शंभर रुपयांसाठी जो माणूस रात्रभर चालला, त्याला भाजलेल्या मनगटाचे काहीच वाटले नाही. त्याचे अंतःकरण कठोर नव्हते, गाय व्याली तरी रात्रभर जागायचा. मग काय झाले? तर अंतःकरणही रीतीनेच घडविलेले होते. व्यापाऱ्याच्या बाबतीत रीतीने त्याला जागे ठेवले, म्हाताऱ्याच्या बाबतीत रीतीनेच निजविले. म्हणून मनाचा कौल मागायचा तर माणसाने आधी जागा बदलावी. नियम आपल्या बाजूने पाहू नये. ज्याच्या अंगावर त्या नियमाचे कढत वरण उडते, त्याच्या शेजारी जाऊन बसावे, चोखोबांच्या समाधीपाशी उभे राहून देवळाकडे पाहावे, आणि मग मनाला विचारावे. लोकमान्यांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, ते 1915 साली प्रसिद्ध झाले. त्यात पुष्कळांचे पुष्कळ सुख वगैरे पाश्चात्य मते त्यांनी तपासली, आणि कर्माच्या बाहेरच्या फळापेक्षा करणाऱ्याची बुद्धी सर्वांठायी सम झाली आहे का, ही नीतीची खरी कसोटी ठरविली. आजोबांचे वरण दोन्ही पंगतीत एकाच पातेल्यातले होते, वाढण्यात कमी-जास्त नव्हते. हाताच्या अंतरात बुद्धी दिसली.

हे सारे पंढरपुरात एकदा उघड्यावर आले. साने गुरुजी सहा महिने महाराष्ट्रभर हिंडले, विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडा म्हणून लोकांना सांगत राहिले, आणि अखेर 1 मे 1947 रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले. तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली, ही आपल्या संप्रदायाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. दुसरीही गोष्ट तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. कित्येक माळकऱ्यांना गुरुजींचे ते करणे पटले नव्हते. रोज हरिपाठ म्हणणारे, भेटेल त्याच्या पाया पडणारे लोक, 'पण देवळाची रीत वेगळी' असे म्हणत होते. 10 मे रोजी उपोषण सुटले, मंदिर खुले झाले. चोखोबा गेल्याला तेव्हा 609 वर्षे झाली होती. इतकी वर्षे आपण त्यांचे अभंग आत उभे राहून म्हणत होतो.

इथे एक आक्षेप आहे आणि तो मोठ्या माणसाचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 साली लिहिले की संतांनी देवापुढे सारी माणसे सारखी आहेत असे सांगितले. माणूस माणसासारखाच आहे, असे म्हणून त्यांनी लढा दिला नाही. आपल्याला हे झोंबते. आपण लगेच नाथांचे नाव घेतो, तुकोबांचे नाव घेतो. पण एक क्षणभर न झोंबता ऐकू या. देवापुढे समान म्हटले की आपले काम भागते. पंगत, विहीर, सोयरीक जिथल्या तिथे राहते. याच बाबासाहेबांनी 1948 साली अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला. चोखोबा त्यांना परके नव्हते. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरास त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्धाचा धम्म स्वीकारला. आमच्या तालुक्यातलीही कितीतरी घरे त्या वाटेने गेली. ती मंडळी आता आपल्या पंगतीची वाट पाहत बसलेली नाहीत. त्यांचा मार्ग त्यांनी विचार करून निवडला, त्यांना आपण काही शिकवायला जाऊ नये. दारात सहाशे वर्षे उभा राहिलेला माणूस निघून गेला म्हणून त्याला नावे ठेवण्याचा अधिकार घरातल्यांना नाही. आपण आपले घर पाहावे. माळ घालणारे, सप्ताहात पहाऱ्याला उभे राहणारे, आणि तरी पंगतीत कडेला बसणारे लोक आपल्यात अजून आहेत. त्यांचे काय?

मी हे इतरांना सांगतो आहे असे समजू नका. काही वर्षांपूर्वी एका गावी काल्याचे कीर्तन माझ्याकडे होते. मी चोखोबांच्या घरी देव जेवायला बसल्याची कथा लावली. सोयराबाई वाढत आहेत, हातून दही सांडते, पीतांबरावर पडते, इकडे देवळात मूर्तीचा पीतांबर दह्याने भरलेला दिसतो. कथा रंगली. बाया डोळ्यांना पदर लावीत होत्या, पुरुषही पुशीत होते, मलाही भरून आले. मग पंगत बसली. आता कोणी लिंबाखाली पाठवीत नाही, कायदा आहे, 1950 सालची आपली राज्यघटना आहे. पण मंडपाच्या शेवटच्या टोकाला काही माणसे आपण होऊन बसली, मधे दोन-तीन हात जागा मोकळी राहिली, आणि ती जागा कोणी भरली नाही. मी पाहिले. माझे पान वर मांडलेले होते. मी बसलो आणि जेवलो.

जेवण झाल्यावर त्या टोकाचे एक गृहस्थ हात धुऊन माझ्याजवळ आले. गळ्यात माळ, कपाळी बुक्का. पाया पडले, मीही पडलो. मग हसतमुखाने म्हणाले, "महाराज, देवाला आमच्या घरचं दही चाललं म्हणता. तुम्हाला आमच्याकडचा चहा चालंल का?"

त्या हसण्यात टोमणा नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. मी म्हणालो, "चालेल की. पण आता उशीर झाला, पुढल्या खेपेला नक्की." खरे म्हणजे उशीर झाला नव्हता. पाटलांच्या घरी आणखी तासभर मी पान खात बसलो होतो. बरोबरच्या मंडळींनी काय म्हटले असते, पुढल्या वर्षी बोलावले असते की नाही, असले हिशेब मी त्या अर्ध्या क्षणात केले. आजोबांना निदान ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते. त्यांची रीत होती, माझी फक्त भीती होती. घरी आल्यावर मात्र मला त्यांच्यासारखी झोप लागली नाही, एवढाच काय तो फरक.

पुढल्या वर्षी त्याच गावचे निमंत्रण आले. मी निरोप धाडला की येतो, पण पंगत सलग बसेल आणि माझे पान त्या टोकाला मांडाल तर. आठ दिवस उत्तर नाही. मग कळले की त्यांनी दुसरे महाराज ठरविले. वाईट वाटले, खोटे कशाला सांगू, बिदागीही बुडाली. त्याच्या पुढल्या वर्षी गावातली चार तरुण पोरे मोटारसायकलवर आली आणि म्हणाली, "महाराज, तुमची अट आम्ही ठरावात लिहून घेतली आहे."

गेलो. कीर्तनात चोखोबांची कथा लावली नाही, दुसरीच लावली. पंगत सलग बसली. त्या दिवशी गावातल्या पाच-सात प्रतिष्ठितांची पोटे एकाएकी बिघडली, ते घरी जाऊन नुसत्या ताकावर राहिले म्हणतात. वाढणारी पोरे मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून वाढत होती. मी मुद्दाम त्यांच्या पाठीकडे पाहत होतो.

जेवण झाल्यावर ते माळकरी गृहस्थ दिसतात का म्हणून शोधले. दिसले नाहीत. घर विचारीत गेलो. गुडघ्याचे दुखणे म्हणून ते बाजेवर पडून होते. मला पाहून उठू लागले, मी उठू दिले नाही. सुनेने चहा आणला. फार गोड होता, आणि कप हातात घेताना बशीत सांडला. ते म्हणाले, "राहू द्या महाराज, दुसरा करते ती." मी म्हटले, "कशाला?" आणि बशीतला आधी प्यालो.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!